वहिनीनं हातात घेतलेला पोवळा

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. विषय प्राणिशास्त्र. याचा मला अभिमान आहे, तो मी लपवत नाही. पण त्या अभिमानानं माझ्या वहिनीचा जीव धोक्यात घातला होता, हेही सांगायला हवं.

गेल्या उन्हाळ्यात सुट्टीला वडिवळ्याला घरी होते. भाताचं रोप टाकायच्या जागेवर राब भाजायचा होता. शेण, त्यावर डहाळ्या, त्यावर पालापाचोळा, वर माती, मग आग. सकाळी मी, भाऊ आणि वहिनी बांधाजवळचा पाचोळ्याचा ढीग उचलत होतो. तळाशी सुतळीएवढा तपकिरी साप निघाला.

"वाळा आहे," मी म्हणाले. "बिनविषारी."

वहिनी वाकून बघत राहिली. "न्हाई वं ताई. वाळ्याचं तोंड कुटं आन शेपूट कुटं, समजत न्हाई. ह्याचं डोकं काळंभोर हाय. आन शेपूट बघा कसं वर गुंडाळलंय, खालनं निळं दिसतंय."

तिनं पाहिलेलं सगळं बरोबर होतं. मी मात्र सापाकडं न बघता तिच्याकडंच पाहत होते.

"तुम्ही कोणत्या कॉलेजात शिकलात?" मी विचारलं. भाऊ हसला. वहिनीला म्हणाला, "घे, आता सापाची बी परीक्षा दे." वहिनीही हसली, पण मागं सरली. तेव्हा मी जे बोलले ते अजून जसंच्या तसं आठवतं. "उचला हातानं. मी सांगतेय ना, काही करत नाही."

मी सांगितलं म्हणून तिनं उचलला. मी मोबाईलवर फोटो काढला. दुसरा काढेपर्यंत त्यानं तिच्या अंगठ्याजवळ दात रोवले होते. तिनं हात झटकला, तो पाचोळ्यात गेला.

तरी अर्धा तास मी वाळाच म्हणत होते. मग अंगठा सुजला, आग मनगटापर्यंत चढली आणि ती म्हणाली, "ताई, गरगरतंय."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी फोटो मोठा करून पाहिला. "हा पोवळा. नाग-मण्यारांच्या कुळातला. विष नसांवर जातं, पण तोंड लहान, त्यामुळं बहुतेकदा सुजेवर भागतं. आपल्याकडच्या लसीचा याला भरवसा नाही. श्वास आणि पापण्या बघत बसायचं. विष चढलं तर पापण्या आधी जड होऊन पडतात." संध्याकाळपर्यंत आम्ही तेच केलं. पंधरा-पंधरा मिनिटांनी नर्स तिला डोळे मिटायला-उघडायला सांगायची, आणि पापणी वर गेली की मी घड्याळात पुढची पंधरा मिनिटं मोजायला लागायचे.

मधेच डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, "पण हातात घेतलाच कशाला?"

मी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाली, "पाचोळ्यासंगट आला वं हातात. दिसला न्हाई."

भावानं माझ्याकडं पाहिलं. मी फोटो काढला होता. न दिसलेल्या सापाचा फोटो कसा निघेल? डॉक्टरीणबाईंनी विचारलं नाही. मी मोबाईल पिशवीत टाकला.

सूज चार-पाच दिवसांत उतरली. अंगठा महिनाभर जड होता, भाकरी थापताना ती तो उचलून धरायची. माहेरचं माणूस आलं की ती अजून तेच सांगते, पाचोळ्यासंगट आला, दिसला न्हाई. मी तिथंच बसलेली असते. "मी उचलायला लावला" एवढंच म्हणायचं असतं. पण दरवेळी मी पाहुण्यांना चहा द्यायला उठते.