सांध्यावरची पूड

साइटवर त्याला सगळे काटकोन म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. सपाट भिंतीला दगडी फरशी कोणीही लावो, भिंत वळून बाहेरचा कोपरा आला की हाक त्यालाच. इतर ठिकाणी फरशीची कड झाकली जाते. बाहेरच्या कोपऱ्यावर ती उघडी पडते, आणि तिच्याबरोबर लावणाराही.

दोन्ही फरश्यांच्या कडा तो मागून तिरक्या कापायचा, एकमेकींना भिडवायचा आणि टोकाची धार हातदगडाने किंचित मोडायचा. नाहीतर कोणाचं सामान घासलं की टवका उडालाच म्हणून समजा. कापायचा मात्र कोरडं. त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ गेल्या वर्षापासून त्याच्याबरोबर कामाला होता. तो रोज पाण्याची नळी घेऊन यायचा.

"भाऊजी, पाणी सोडतो. ताई मला विचारते, गिरणीत लागलास का म्हणून."

"ओल्या दगडावर कापायची रेघ दिसत नाही. ठेव तिकडे."

कापताना तो तोंडाला साधा रुमाल बांधायचा. पारख करताना तोही खाली ओढायचा. सांध्यात बोटाने दगडाची पूड भरायची आणि फुंकर मारायची. पूड उडाली तर सांधा उघडा, फरशी खाली उतरवायची. पूड जागेवर राहिली तर सांधा बंद. ही पारख कोणी शिकवलेली नव्हती, त्याची त्यानेच काढलेली.

अलीकडे एकही सांधा उघडा निघत नव्हता.

"आता हात बसला तुमचा," मेव्हणा म्हणाला.

"म्हणजे इतकी वर्षं मी गवत उपटत होतो?"

बोलला तसा, पण मनातून फुलला. जिना चढताना मात्र मध्येच थांबायचा, कठड्याच्या कडेवरून बोट फिरवायचा. काम बघतोय असं दाखवायला. छातीत काहीतरी घट्ट व्हायचं. मेव्हणा वरच्या पायरीवर गुपचूप उभा राहायचा.

नव्या इमारतीच्या दारातल्या खांबाचं काम लागलं. त्याने दोन फरश्या भिडवल्या, पूड भरली, फुंकर मारली. पूड हलली नाही.

"चिकटव आता."

मेव्हण्याने सांध्यावरून अंगठा फिरवला आणि त्याचं नख अडकलं. त्याने खिशातलं पातं काढून रेघेत घातलं. पातं सरळ आत गेलं.

"पुन्हा फुंका बघू."

त्याने छाती भरून फुंकलं. निदान भरली असं त्याला वाटलं. पूड होती तिथेच होती. मेव्हणा वाकला आणि चहा निववावा तशी हलकी फुंकर मारली. पूड उडाली. वरपासून खालपर्यंत काळी रेघ उघडी पडली.

मग पातं घेऊन ते आधीच लावून झालेल्या जिन्याकडे गेले. पहिल्या वळणाच्या कोपऱ्यात पातं गेलं. त्यावरच्याही. तिसऱ्यापाशी त्याने मेव्हण्याचा हात धरला.

"बास."

"उद्या दवाखान्यात जाऊ, भाऊजी."

"आधी कोपरे उतरव."

"कोपरे कुठं पळून जात नाहीत."

संध्याकाळी घरी आल्यावर त्याने शर्ट काढला. बायकोने तो नेहमीसारखा बोटांच्या चिमटीत धरला.

"एक खोली बांधून होईल एवढा दगड आणता रोज," ती म्हणाली आणि न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतलं. पूर्वी ती बाहेर झटकायची. खालच्या बाईंच्या वाळवणावर पूड पडायला लागली, त्यांनी कटकट केली, तेव्हापासून दार बंद करूनच. आतून फटक्यांचा आवाज आला. मग खोकला. हा खोकला त्याच्या कानावर रोजच पडत असणार. आज त्याने ऐकला.

ती बाहेर आली. पदराने तोंड पुसत म्हणाली, "चहा ठेवू?"

त्याने पँटची दुमड उलटी केली. आतली चिमूटभर पूड टेबलाच्या फळीवर ठेवली.

"फुंक बघू."

"वेड लागलंय का?"

"फुंक गं."

ती वाकली. गाल फुगवून तिने फुंकर मारली.

पूड हलली नाही.

"काय झालं? जमलं नाही का मला?" असं म्हणून ती हसली, आणि हसता हसता तिला पुन्हा खोकला आला.