दादाचा सत्कार झाला, शिकवणी राहिली

माझ्या दादाची गिरणी संपात गेली आणि दोन-तीन वर्षांत तो नगरसेवक झाला. घाटकोपरच्या आमच्या डोंगरावर कोण आनंद! वहिनीला मात्र एकच हवं होतं, वरच्या वस्तीत पाण्याची लाइन. पहाटे उठून खालच्या नळावरून हंडे वर आणताना तिचे गुडघे कामातून गेले होते. "आता नगरसेवकाची बायको ना गं तू?" असं रांगेतल्या बाया तिला चिडवायच्या. तीही हसायची, कारण आता लाइन येणार याची तिला खात्री होती.

दादाला महापालिकेतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यात लाज कसली? गिरणीत कापडाच्या साच्यावर उभं करायच्या आधीसुद्धा माणसाला शिकवतात. मी शाळेत मास्तरीण, मला हे दिसत होतं. मुलुंडला पालिकेचे एक निवृत्त अधिकारी राहायचे, आयुष्य बजेटात गेलेले. ते दर रविवारी दादाला शिकवायला तयार होते, फी घेऊन. वस्तीने सत्कारासाठी वर्गणी काढलीच होती, तर मी म्हटलं, यातून शिकवणी लावू.

झालं! सगळे माझ्यावर तुटून पडले. "निवडून आलेल्या माणसाला शिकवणी? लोक तोंडात शेण घालतील!" गणपतीला वर्गणी, पूजेला वर्गणी, सत्काराला वर्गणी. शिकायला वर्गणी आमच्यात कोणी ऐकली नव्हती. मग बँड आला, शाल आली, दादाच्या उंचीचा हार आला. मी संतापाने सत्काराला गेलेच नाही.

दादा म्हणाला, "चिडू नकोस गं, पालिकेकडे आमच्या प्रशिक्षणासाठी पैसे असतात." होते की. त्या पैशांतून सगळ्या नव्या नगरसेवकांना म्हैसूरला अभ्यास दौऱ्यावर नेलं. तिथे हॉटेलात कोणीतरी तासभर इंग्रजीत बोललं, आणि मग बस बागेकडे निघाली. दादा चंदनाचा हत्ती घेऊन घरी आला. वहिनीने तो हातात धरून बघितला. म्हणाली, "माका नळ होयो हुतो, तुमी हत्ती हाडलास."

मग बजेटची सभा आली. दादा बोलायला पक्का, गिरणीच्या गेटवरच्या सभांत तयार झालेला. सभागृहात त्याने डोंगरावरच्या बायांचे हाल असे सांगितले, की विरोधकांनीही बाकं वाजवली. वस्तीत फटाके फुटले, पेढे वाटले. वहिनीने दाराशेजारची जागा घासूनपुसून घेतली आणि नळाखाली हवी म्हणून तिथे एक फरशी बसवली.

बजेट मंजूर झालं. त्यात आमचा डोंगर कुठेच नव्हता. दादा पालिकेत विचारायला गेला, तर तिथल्या साहेबाने त्याला चहा पाजला. "भाषण झकास झालं तुमचं. पण लेखी उपसूचना दिली होतीत का?"

"ती काय असते?"

नुसतं बोललेलं बजेटात जात नाही. काय बदल हवा ते मुदतीत लिहून द्यावं लागतं, त्यावर मतदान होतं. मुलुंडच्या साहेबांनी हे पहिल्याच रविवारी सांगितलं असतं. मुदत कधीच टळली होती. पुढच्या वर्षी बघू, म्हणे! वाट लागली सगळ्याची.

घरी येऊन दादाने हे आम्हा दोघींना सांगितलं. मी तोंडाला येईल ते बोलले, त्याला, वस्तीला, सगळ्यांना. बाहेर लोक अजून भाषणाचं कौतुक करत होते आणि त्यांना खरं सांगायचं धाडस दादात नव्हतं. वहिनी गुडघ्यांना तेल चोळत बसली होती. तिने तेलाची वाटी बाजूला ठेवली.

मग म्हणाली, "आमची कंबर मोडता, ह्या ऐकान तेंनी बाका वाजवल्यानी?"

"होय."

"आणि तुमका बरा वाटला?"

दादाने मान खाली घातली. "वाटला गो," तो म्हणाला.