वेल्ह्याहून आलेली राणीमाशी

सन एकोणीसशे शेहेचाळीस, मी सव्वीस वर्षांचा होतो. किकवीत माझी मधमाश्यांची एकच पेटी, आणि दर पावसाळ्यात माश्या ती टाकून पळायच्या. म्हणून आम्ही माश्या पाळणाऱ्यांनी ठरवलेलं, की वेल्ह्याच्या धुवाधार पावसात ज्याच्या माश्या टिकतील त्याच्याच राणीची पैदास सगळ्यांनी न्यायची. त्या फाल्गुनात माझी राणी मेली, तसा वेल्ह्याचा एक जण, आपल्या माश्या पावसात टिकल्या म्हणत, चालत आला. छातीशी बांबूची नळी, तिच्यात कापसात मेणाचं राणीघर, आत अजून न जन्मलेली राणी. म्हणाला, "तुमच्या माश्यांनी नवी राणीघरं बांधल्यात, ती आधी मोडा, न्हाईतर त्यातली राणी हिला मारंल. मग हे लावतो." मला तिथंच शंका आली. माझी मोडून याचं राणीघर पोकळ निघालं, तर माझी पेटी कायमची बसली. म्हटलं, "फुकट द्यायला एवढं कोण चालतं? नळी उघडून दावा." "गार लागून आत मरंल की, दादा!" "मग राणी भायेर येईस्तोवर तुमी हितनं हलायचं न्हाई." तो हसला. "बायको म्हणलीच हुती, किकवीकर जेवू घालत्यात, पर ताटावर पहारा ठिवून." मी माझी राणीघरं मोडली, त्यानं आपलं पेटीत लावलं आणि रात्री माझ्याकडेच राहिला. सकाळी उजाडता उजाडता राणी बाहेर आली, काळसर, तरतरीत. "झालं समाधान?" त्यानं विचारलं. आज माझ्या सगळ्या पेट्यांत तिचाच वंश आहे, हे मी कबूल करतो. पण त्या सकाळी मला वाटलं, तिची आई खरंच पावसात टिकली होती कशावरून? मी भाकरी बांधून घेतली आणि त्याच्या शेजाऱ्यांना विचारायला त्याच्याबरोबरच वेल्ह्याला निघालो.