वाकळीतली गिटार

रऊफभाईंचा फोन आला तेव्हा मी नेकनूरच्या घरी ओट्यावर बसून मटकी निवडत होते. रऊफभाई म्हणजे दूध संघाच्या टेम्पोचे ड्रायव्हर. माझा धाकटा भाऊ सिद्धार्थ, आमचा सिधू, त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून गावोगावचं दूध गोळा करत अर्धं आयुष्य हिंडला. एरवी रऊफभाईंचा फोन म्हणजे आधी आईची तब्येत, मग माझे गुडघे, मग पाऊसपाणी. त्या दिवशी नुसतेच म्हणाले, "ताई, मांजरसुंब्याला हाय आमी. सिधू छातीत दुखायलंय म्हणला. उतरून धाब्यावरच्या बाजंवर टेकला, आन..." मग म्हणाले, "गिटार माझ्याकडं हाय. नीट हाय." असा संताप आला मला त्या माणसाचा! माझा भाऊ गेला आणि हा मला गिटारीची खुशाली सांगतोय. आता काही आठवडे उलटल्यावर कळतं, नीट आहे असं सांगण्याजोगं त्या घटकेला त्यांच्यापाशी दुसरं काही नव्हतंच.

आमच्या घरात गाणं होतं ते दादांमुळे, म्हणजे आमच्या वडिलांमुळे. ते गायन पार्टीत पेटी वाजवायचे आणि आई गायची. जयंतीचे दिवस आले की या गावाहून त्या गावाला बोलावणी असायची. पेटी सायकलच्या कॅरियरला बांधायची, ती धरायला मागं एक माणूस, त्याच्यामागं पदर खोचून आई. आईचा आवाज बारीक होता, पण धारदार. माईक बंद पडला तरी शेवटच्या ओळीतल्या म्हातारीला शब्द कळायचे. दादा गेले आणि आई गायची थांबली. कुणी आग्रह केला तर म्हणायची, "पेटीच न्हाई तर काय म्हणू?" पेटी तशी होती, माळ्यावर, पण भाता उंदरांनी खाल्लेला. सिधूनं तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घेतली, आईला परत गायला लावायचं. पेटी त्याला जमली नाही. बीडची एक ऑर्केस्ट्रा पार्टी मोडली, तिची जुनी गिटार त्यानं आणली. दादांच्या पार्टीतले लोक हसायचे. "का रं, गायन पार्टीत गिटार? वरात काढायलास का?" हा आपला खाली मान घालून तारा पिळत बसायचा. मीही बोलायला कमी केलं नाही. एवढं मोठं धूड, वाजवलं की पत्रे हलायचे. आई शेजारी येऊन बसायची, ओठ हलायचे, पण पहिल्या ओळीलाच तिचा आवाज त्या दणदणाटात बुडायचा. मग म्हशीला पाणी दाखवायचं निमित्त काढून ती उठून जायची.

पुढं तो दुष्काळ पडला. ओढे तर आटलेच, पण हातपंपही नुसते खाकरायला लागले. दूध घटलं, टेम्पोत कॅन पूर्वीसारख्या गच्च नसायच्या, म्हणून सिधू गिटार मागं कॅनच्या मधेच ठेवायचा. मांजरसुंब्याच्या घाटात रऊफभाईंनी ब्रेक मारला, मोकळ्या कॅन आडव्या झाल्या आणि गिटारीची मान मोडली. घरी आला तो मोडकी गिटार काखेत घेऊन. त्याच दिवसांत संघानं लिंबागणेशच्या रस्त्याला चारा छावणी उघडली आणि आई काशीला, म्हणजे आमच्या म्हशीला घेऊन तिकडं राहायला गेली. ताडपत्रीच्या सावलीत सगळ्या गावांच्या बाया दिवसभर जनावरांपाशी. चारा टाकायचा, शेण भरायचं, टँकरची वाट बघायची. दुपार सरता सरत नसे. सिधू रोज टेम्पोतून त्या रस्त्यानं जायचा. मला म्हणाला, "अक्का, टेम्पोत मावंल अशी लहान गिटार पायजे. चल औरंगाबादला. मला एकट्याला कळायचं न्हाई." मी म्हणाले, मला काय कळतं डोंबल! मी शाळेत बाराखडी शिकवणारी बाई. पण गेले.

निघताना त्यानं पिशवीत एक तुराटी घेतली, तुरीचं वाळलेलं काटूक. ड्रायव्हरच्या सीटमागं जिथं जॅक आणि पान्हे असत, त्या जागेच्या मापानं तोडलेली. औरंगाबादच्या त्या चकचकीत दुकानात माझ्या भावानं पिशवीतून तुराटी काढली आणि एकेका गिटारीला लावून बघायला लागला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. दुकानदार मात्र भला माणूस. त्यानं सगळ्या प्रवासी गिटारी काढून मांडल्या. एक चार तारांची, अगदी इवलीशी. सिधू म्हणाला, "ह्यो लेकराचा आवाज." एक मधोमध दुमडणारी. ती त्यानं उघडझाप करून परत दिली, "बिजागरी आली की आज ना उद्या कुरकुर आली." एक मुंडकंच नसलेली. तिच्या तारा खास लागतात कळल्यावर, तार तुटली तर नेकनूरला कुठून आणू, म्हणाला. राहिल्या दोन. दुकानदारानं त्यातली एक उचलून वाजवली आणि दुकान भरून गेलं. पोट जरा खोल, लाकूड गहिरं. मलाही आवडली. दुसरी तिच्याहून लहान, सहा तारांची, अंगानं सडपातळ, आवाज मऊ. मापात दोन्ही बसत होत्या.

सिधू दोन्ही घेऊन दुकानाबाहेर रस्त्यावर आला. मला म्हणाला, "अक्का, तू पल्याड जाऊन हुबी ऱ्हा, आन आईचा पाळणा म्हण." भर बाजारात! रिक्षा चाललेल्या, लोक बघायलेले. मी त्याला तिथल्या तिथं झाडला, "लाज सोडलीस तर सोडलीस, मलाबी सोडायला लावतोस का?" तो हटेना. शेवटी रस्ता ओलांडून केळीवाल्याच्या गाड्याजवळ उभी राहिले आणि म्हटल्या दोन ओळी. आधी मोठ्या आवाजाच्या गिटारीवर, मग मऊ आवाजाच्या. तो डोळे मिटून ऐकत होता. आत येऊन त्यानं लहानी उचलली. दुकानदार समजावू लागला, अहो, हिला आवाज कमी आहे. तर म्हणाला, "मला हिचा आवाज न्हाई पायजे, साहेब. हिच्यावरनं दुसऱ्याचा ऐकू आला पायजे." तोवर मला वाटत होतं, हे खूळ त्याच्या वाजवण्याचं आहे. तिथं उभ्या उभ्या माझ्या डोळ्यांना पाणी आलं, ते मी उन्हावर ढकललं.

दुकानदारानं जाताना एक गोष्ट बजावली. तुमच्याकडची हवा कोरडी, लाकूड तडकेल. साबणाच्या डबीला भोकं पाडा, आत ओलं फडकं घाला आणि डबी गिटारीसोबत पिशवीत ठेवा, रोज ओली करा. सिधूनं मान डोलावली. घरी आल्यावर टेम्पोत ठेवून बघतो तर काय, गिटार मावली, पण दुकानातली जाडजूड पिशवी घातली की मावेना! हा शहाणा तुराटी नुसत्या गिटारीला लावून आला होता, पिशवीला लावायची विसरला. मी पोट धरधरून हसले. मग छावणीत आईनंच वाकळ शिवली. तिचं जुनं लुगडं, दादांचं धोतर, घरातली चिंध्याचांध्या, टाका टाका घालून गिटारीच्या अंगाची पातळ वाकळ, आणि डबीला आत एक खिसा. शिवता शिवता बडबड चालू, "माणसाला प्यायला न्हाई आन ह्यो लाकडाला पाणी पाजणार." ते खरंच होतं. छावणीत पाणी मापानं मिळायचं. सिधू काय करायचा, संध्याकाळी आपल्या पेल्यातला शेवटचा घोट प्यायचा नाही, तो त्या फडक्यावर ओतायचा. आई बघायची आणि तोंड फिरवायची.

गायली कधी ते मला ठाऊक आहे, कारण मी तिथं होते. दुपारची वेळ. सिधू काशीच्या दावणीपाशी बसून वाजवत होता. शेजारची बाई कसलीशी ओवी म्हणायला लागली आणि मधेच विसरली. आई शेणाची पाटी डोक्यावर घेऊन निघाली होती. पाटी खाली न ठेवताच तिनं पुढची ओळ म्हटली. मग त्याच्या पुढची. सिधूनं मान वर केली नाही, हात थांबवला नाही, फक्त आणखी हळू वाजवायला लागला. इतक्या वर्षांनी तो बारीक आवाज गिटारीवरनं असा अलगद वर आला... बाया एकेक करून जवळ सरकल्या. पाटी आईच्या डोक्यावर तशीच. त्या रात्री घरी येऊन मी खूप रडले.

त्यानंतर छावणी उठली, संघाच्या दूध गोळा करायच्या लायनी कमी झाल्या, पण सिधू आणि ती गिटार टेम्पोतून हिंडतच राहिले. लग्न केलं नाही. कारण विचारलं की "सीटमागं जागा न्हाई" म्हणायचा. रोज संध्याकाळी दारात टेम्पो थांबायचा, हा वाकळ काढून आईपुढं बसायचा. माझ्याशी वाद घालायचा, मीठ जास्त झालं म्हणायचा आणि दोनदा वाढून घ्यायचा. आता स्वयंपाकात मीठ किती टाकावं तेच कळेनासं झालंय.

सिधूच्या पुण्यानुमोदनाच्या, श्रद्धांजलीच्या दिवशी पार्टीतली माणसं म्हणाली, गिटार फोटोशेजारी भिंतीला टांगू, आठवण राहील. सगळे गेल्यावर आईनं रऊफभाईंना विचारलं, "सीटमागं आता काय ठिवतोस?" ते म्हणाले, "कायबी न्हाई, आई. रिकामंच हाय." आई म्हणाली, "मग तिला घिऊन जात जा. तिला घरात बसायची सवय न्हाई." तेव्हापासून गिटार रोज सकाळी टेम्पोत जाते आणि संध्याकाळी घरी येते. वाजवणारं कुणी नाही. मी म्हटलं, हे काय खूळ आहे... पण आईपुढं माझं चालत नाही.

मागच्या आठवड्यात आईला डोळे दाखवायला बीडला न्यायचं होतं. मला शाळा होती, ती टेम्पोनंच गेली. संध्याकाळी रऊफभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, आईनं वाकळ काढून गिटार मांडीवर घेतलती. गाडीच्या हादऱ्यानं तारा आपसूक वाजायल्या, अगदी बारीक. आन आई म्हणायली. मांजरसुंब्यापस्तोर म्हणत हुती. धाबा आला तशी गप झाली. मी गाडी हळूच हाकली." मी आत जाऊन विचारलं, "आई, गायलीस म्हणं?" ती म्हणाली, "मी कशाला गाऊ? टेम्पोचा आवाज असंल." औंदाही पाऊस नाही, टँकर दोन दिवसांआड येतो. तिनं पेल्यातलं पाणी पिऊन तळाशी एक घोट ठेवला, वाकळीच्या खिशातून साबणाची डबी काढली आणि फडक्यावर तो घोट ओतला.