मैनाबाईचं तोंड

रेवसहून खाडीनं आत गेलं की बांधाच्या आड आगऱ्यांची लहान लहान गावं लागत. त्यांतल्या एका गावात मैनाबाई राहायची. नवरा ऐन तरुणपणात गेला, मागं एकटा रघू. रांडावलेल्या बाईनं खाली मान घालून राहावं असं सगळ्यांना वाटायचं. मैनाबाईनं काही दिवस तसं करून पाहिलं, पण जमलं नाही.

तिला तोंड होतं. खोताचा माणूस भात मापताना माप दाबायला लागला, तेव्हा गावातले पुरुष एकमेकांकडे बघत राहिले. मैनाबाई पुढं झाली आणि तोंडावर बोलली. शेजारचा अंबाजी ताडी पिऊन बायकोला मारायचा. ही त्याच्या दारात उभी राहून असं तोंड सोडायची की तो लाजेनं मागच्या दारानं निघून जायचा. तिला तोंडाळ म्हणणारे पुष्कळ होते, पण अडलं की पहिले तिच्याकडेच यायचे. "मैनावयनी, तू येऊन दोन शब्द टाक." तीही जायची, आणि आपल्या तोंडाचा तिला अभिमान होता.

गावाची सगळी शेती खाऱ्या जमिनीत होती. बांधाला एक उघाडी होती, म्हणजे बांधाचं तोंडच. ओहोटीला पावसाचं पाणी तिथून खाडीत सोडायचं आणि भरती चढायच्या आत फळ्या टाकून ते बंद करायचं. हे काम तुळशीराम करायचा. मोबदल्यात सुगीला घरटी सूपभर भात. माणूस अबोल. त्याची बायको नीराबाई मैनाबाईची मैत्रीण. दोघी एकमेकींच्या केसांना तेल लावत बसायच्या.

एकोणीसशे सव्वीसच्या आसपासची गोष्ट. श्रावणातल्या अवसेला मोठं उधाण आलं आणि सकाळी गाव उठला तो उघाडीशेजारी बांधाला खांड पडलेली. खारं पाणी आत घुसून लावणीचं भात बुडालं होतं. बायका बांधावर बसून रडत होत्या. गावाच्या तोंडचा घास गेला होता.

मैनाबाई घरी आली तर चुलीपाशी दोन मोठे जिताडे मासे पडलेले. रघू भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"कुठून आणलंस?" तिनं विचारलं.

तो म्हणाला, "उघाडीची एक फळी उचलली व्हती. भरतीबरोबर म्हावरा आत येतो, जालं लावलं व्हतं. मना काय ठाव पानी एवढं चढंल."

मैनाबाईनं त्याच्या मुस्काटात मारली. मग दार लोटून घेतलं, मासे कापले आणि शिजवले, कारण बाहेर टाकले असते तर कुणी तरी पाहिलं असतं. दोघांनी ते खाऊन टाकले. त्या जेवणाची चव तिच्या तोंडात पुढं कित्येक वर्षं राहिली.

दुपारी गावकी बसली. बाबाजी पाटलानं तुळशीरामला उभं केलं.

"फळ्या का टाकल्या न्हाईस?"

"टाकल्या व्हत्या," तुळशीराम म्हणाला. "दिवेलागणीच्या आत टाकल्या. मैनावयनी तवा गवताचा भारा घेऊन बांधावरनं येत व्हती. तिनं पायलंय." मग तो तिच्याकडे वळला. "वयनी, तू सांग. तुझं सगला गाव ऐकतो."

सगळ्यांनी माना वळवल्या. मैनाबाई बायकांत बसली होती. तिनं खरंच पाहिलं होतं. फळ्या बसवून त्यांच्या फटीत चिखल भरताना तुळशीरामनं तिला विचारलंसुद्धा होतं, "गवत मिललं का?" पण फळ्या लागल्या होत्या असं ती म्हणाली, तर मग त्या काढल्या कुणी, हा पुढचा प्रश्न येणार होता. आणि मागं पुरुषांच्या रांगेत रघू उभा होता.

तिनं पदर तोंडाशी धरला.

"मी न्हाय पायलं," ती म्हणाली. "मी खाली बघून चालत व्हते."

मैनाबाई इतकं हळू बोललेली गावानं कधी ऐकली नव्हती. नीराबाईनं तिच्याकडे नुसतं पाहिलं.

तुळशीरामला गावानं वाळीत टाकलं. विहिरीवर कुणी त्यांना घागर भरू देईना, विस्तव मागायला गेलं की लोक दार लावून घेत. दिवाळीच्या आधीच नवराबायको भांडीकुंडी होडीत घालून उरणच्या अंगाला मिठागरांवर निघून गेली. होडी सुटली तेव्हा मैनाबाई घरात बसून राहिली. निरोप द्यायला तिला तोंड नव्हतं.

त्यानंतर तिचं बोलणं आटत गेलं. अंबाजीची बायको पुन्हा रडत आली, तेव्हा मैनाबाई तिच्या दारापर्यंत गेली आणि एक शब्द न बोलता परत फिरली. दुसऱ्याला खरंखोटं सांगायचं म्हटलं की जीभ जड व्हायची. लोक म्हणाले, वय झालं, सुधारली. ती सुधारली असं कुणी म्हटलं की तिला जमिनीत शिरावंसं वाटायचं.

त्यात गावानं उघाडीचं काम रघूलाच दिलं. अपराधाच्या भीतीनं म्हणा, त्यानं ते चोख केलं. सुगीला घराघरातून सूपभर भात येऊ लागलं. ते पाखडताना मैनाबाई कुणाकडे बघायची नाही.

अशी सात-आठ वर्षं गेली. एका सुगीला बाबाजी पाटील स्वतः तिच्या ओट्यावर आला. भात ओतून म्हणाला, "मैना, तुझ्या पोरानं नाव राखलं. तुळशीरामानं गाव बुडवला, यानं सावरला."

मैनाबाई उठली. तिनं ते भात पुन्हा सुपात भरलं आणि सूप त्याच्या पायाशी ठेवलं.

"ह्यावर आमचा हक्क न्हाय, पाटील. फली रघूनं काढली व्हती. तुळशीरामानं टाकलेली मी माझ्या डोल्यांनी पायली व्हती."

पाटील खाली बसला. "एवढी वरसं तोंड शिवून बसलीस?"

"व्हय," ती म्हणाली. "बसले."

संध्याकाळी गावकीपुढं तिनं तेच पुन्हा सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. कुणी शिव्या दिल्या नाहीत. लोक नुसते तिच्याकडून तोंड फिरवून उठून गेले. रघूनं त्याच आठवड्यात मुंबई गाठली. जाताना म्हणाला, "आई, तवा बोलायचं तर बोलली न्हाईस. आता कशाला बोललीस?"

ती होडीनं मिठागरावर गेली. तुळशीराम एकटाच होता, मिठाचा ढीग लावत. नीराबाई दोन पावसाळ्यांपूर्वी तापानं गेली होती.

मैनाबाईनं त्याच्या पायांवर डोकं ठेवलं आणि सगळं सांगितलं.

"रघूचं मना तवाच ठाव व्हतं," तो म्हणाला. "म्हावऱ्याचा वास आला व्हता तुझ्या घरातनं. पर पोराचं नाव मी काढलं असतं तर कुनी ऐकलं असतं? तू बोलशील असं वाटलं." मग थोड्या वेळानं म्हणाला, "नीरा शेवटपर्यंत म्हनत व्हती, मैनानं खरंच पायलं नसंल. ती खोटं बोलायची न्हाय."

मैनाबाईला रडताही आलं नाही.

पुढं गावकीनं माणसं पाठवून तुळशीरामला मानानं बोलावलं. तो एक दिवस आला, गावच्या पंगतीला बसून जेवला, पाटलानं दिलेलं धोतर घेतलं. उघाडीचं काम मात्र त्यानं नाकारलं. होडीवर जाण्याची वाट मैनाबाईच्या ओट्यापुढून होती. ती पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी राहिली. तो थांबला, म्हणाला, "नको, वयनी," आणि पुढं गेला.

मैनाबाई आणखी बरीच वर्षं जगली. कुणी काही विचारलं तर खरं तेवढं सांगायची, पण मान वर करून नाही.