टेबलावरचं गाढव

सरांनी माझ्या कानाजवळ गाढव दाबलं. चीं. अख्ख्या हॉलने माना वळवल्या.

"घे. आज परत तुझाच नंबर."

रबराचं पिवळं गाढव. अंधेरीच्या आमच्या कंपनीत ती प्रथाच होती. ज्याने केलेल्या बदलामुळे प्रोग्राम बंद पडेल, त्याच्या टेबलावर ते दिवसभर बसायचं. सगळे हसायचे. ज्याच्या टेबलावर ते बसलंय त्यानेही हसायचं, नाहीतर म्हणायचे, गंमत कळत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माहुलच्या कोळीवाड्यातून कॉम्प्युटरपर्यंत पोचलेली तिथे मी एकटीच. सर वाळकेश्वरचे, मोठ्या कॉलेजातले. माझ्या प्रोग्रामचा कागद हातात घेतला की म्हणायचे, "जाळी विणायची सवय ना तुम्हाला. इथेपण गाठीच गाठी." मीही हसायचे.

नियम साधा होता. प्रोग्राममध्ये काही बदललं, की तो छापील कागद दुसऱ्या कुणीतरी वाचायचा, सही करायची, मगच बदल आत घालायचा. सरांच्या कागदाला मात्र सही लागत नसे. ते सर होते.

त्या सकाळी एका गिऱ्हाइकाच्या गोदामाचा प्रोग्राम अडकला. गाढव आलं आणि मी म्हणाले, "सॉरी सर." काय बिघडलंय ते न बघताच. या नोकरीसाठी बाबांनी रिफायनरीतल्या एका साहेबापुढे हात जोडले होते. माझ्या प्रत्येक सॉरीत ते जोडलेले हात असायचे.

मग चूक शोधायला बसले. अपराधी वाटत होतं. मान वर होत नव्हती. प्रोग्रामच्या सुरुवातीला शेवटचा बदल कुणी केला ते लिहिलेलं असतं. तिथे सरांचं नाव. पुन्हा वाचलं. चूक त्याच बदलात होती. माझा बदल तर दुसऱ्याच प्रोग्राममध्ये होता.

खरं सांगते, राग नाही आला. त्यांची चूक मला दिसली, याचीच लाज वाटली. गुपचूप दुरुस्त करावी, गाढव संध्याकाळपर्यंत बसू द्यावं, असं ठरवून मी कीबोर्डवर हातही ठेवले.

तेवढ्यात सर गिऱ्हाइकाच्या माणसाला घेऊन मागे आले. "हिची चूक. निस्तरतेय बिचारी."

बिचारी. हात थांबले. मी उभी राहिले.

"सर, हा बदल माझा नाही. तुमचा आहे. कुणी वाचला होता?"

कुणीच हसलं नाही. सर हळूच म्हणाले, "तू अजून प्रोबेशनवर आहेस. लक्षात आहे ना?"

"आहे सर. कुणी वाचला होता?"

ते निघून गेले. मी दुरुस्ती केली आणि कागद शेजारच्या नलिनीपुढे ठेवला. मुलुंडची नलिनी. तिच्या टेबलावर गाढव बसलं होतं तेव्हा मी सगळ्यांत मोठ्याने हसले होते, माझ्याकडे कुणी बघू नये म्हणून. तिने सरांच्या केबिनकडे पाहिलं. मग कागद शेवटपर्यंत वाचला आणि सही केली. मला तिच्याकडे बघवेना.

घरी जाताना बसमध्ये एकच डोक्यात होतं. बाबांचा शब्द मी घालवला होता. आय सुकट निवडत बसली होती. तिला सगळं सांगितलं.

"चुकी तुजी व्हती?"

"नाय."

"मंग तोंड कशाला पाडलंस?"

मी तिच्याशेजारी बसून सुकट निवडू लागले.

सरांनी माझं प्रोबेशन वाढवलं. अपराधीपणा अजूनही सगळ्यांत आधी येतो. येऊ दे. कागद वाचून चूक कुणाची ते कळेपर्यंत त्याने थांबायचं. गाढव त्याच दिवशी मी पर्समध्ये टाकलं होतं. सरांनी दोनदा मागितलं, दिलं नाही. ठरवलं, ते आता कुणाच्याच टेबलावर बसणार नाही, सरांच्यासुद्धा. आणि सही नसलेला कागद माझ्या हातून आत जाणार नाही. सरांचाही नाही.