चौदा नंबरचा मॅश

रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात तिला सगळे मॅशबाई म्हणत. अगदी तोंडावर म्हणत. सव्वीस वर्षं पथ्याचं जेवण रांधणाऱ्या बाईला कुस्करलेल्या बटाट्याच्या नावाने ओळखलं, तर त्यात वाईट वाटायचं कशाला, असं तिचं मत होतं.

रोज सकाळी वरच्या वॉर्डांतून चिठ्ठ्या येत. चिठ्ठीवर नाव नसे. खाटेचा नंबर आणि पुढे एकच इंग्रजी शब्द: फुल, सॉफ्ट, मॅश किंवा लिक्विड. नवीन लागलेला कोणीही मॅश वाचलं की शिजलेलं गाजर सरळ मिक्सरमध्ये ढकलायचा, आणि बाईचा पारा चढायचा.

"अहो, हा लगदा झाला. मॅश म्हणजे वाटणं नाही. ठेचणंही नाही, ठेचायला राग लागतो. आधी वाफ जिरू द्या. मग मॅशर सरळ खाली दाबा, उचला, पुन्हा दाबा. चमच्यात आकार राहिला पाहिजे आणि चावायला दात लागता कामा नयेत. खाणाऱ्याला वाटलं पाहिजे, आपण जेवतोय."

एका शब्दावर एवढं प्रवचन ऐकून मुख्य स्वयंपाकी हसायचा. पण बाईसाठी तो शब्द साधा नव्हता. त्याच शब्दावरून तिने सख्खा भाऊ गमावला होता.

अकरा वर्षांपूर्वी भावाकडे राहणाऱ्या आईच्या घशाखाली घास उतरेनासा झाला, तेव्हा बाईने त्याला बजावून सांगितलं होतं, आईला फक्त मॅश द्यायचं. एके दुपारी ती कामावर असताना आईने सफरचंदाच्या फोडीचा हट्ट धरला. लहान मुलीसारखी रडली म्हणे. दादाने फोड दिली. ती अडकली आणि आई गेली. भेटायला आलेल्या माणसांनी घर भरलेलं असताना बाई सगळ्यांदेखत म्हणाली, "मी मॅश सांगून गेले होते. आई तुझ्या हाताने गेली."

 दादाने पायात चपला सरकवल्या आणि स्वतःच्याच घरातून बाहेर निघून गेला. त्यानंतर बोलणं नाही, जाणं-येणं नाही. दोनेक वर्षांत बाईला कळून चुकलं की आईने आपल्यापुढे तसा हट्ट केला असता, तर आपणही फोड दिली असती. बरोबर असण्याचा एवढा जाच कोणाला झाला नसेल. दादाच्या दारापर्यंत ती दोनदा जाऊन आली. बेल मात्र वाजवली नाही.

आणि एका सोमवारी तिने दादाला चाकाच्या खुर्चीतून आत नेताना पाहिलं. अंगावर मांस नव्हतं, प्रत्येक श्वासाला खांदे उचलले जात होते. खुर्ची ढकलणारा दाढीवाला भाचा आत्याला ओळखूही शकला नाही. वाढपाच्या गाडीवरच्या आयाला तिने सहज विचारल्यासारखं विचारून घेतलं. खाट नंबर चौदा.

ते आपले कोण लागतात, हे तिने कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर 'मग वर का जात नाही' हा प्रश्न आला असता. चिठ्ठीवर लिक्विड होतं. धाप लागलेल्या माणसापुढे उभं राहून माफी कशी मागायची? त्याला धड रागावताही यायचं नाही. आणि दादाने आधी रागवावं, पोटभर रागवावं, अशी तिची इच्छा होती. मॅशवर आला की जाईन, असं तिने ठरवलं. लिक्विडवरून मॅशवर आलेला माणूस आठवड्याभरात घरी जातो, हे तिने शेकडो वेळा पाहिलं होतं.

नऊ दिवस ती चौदा नंबरचं सूप वेगळ्या पातेल्यात करत होती. दोनदा गाळायची, मीठ बोटावर चाखायची. कप रिकामा परत आला की दिवसभर गुणगुणायची. मंगळवारी संध्याकाळी कप भरलेला परत आला. भोपळा होता त्यात. लहानपणापासून भोपळ्याला नाक मुरडतो, अजून खोड गेली नाही मेल्याची, असं म्हणत तिने कप विसळला.

बुधवारी सकाळी आठच्या चिठ्ठ्या आल्या. चौदा: मॅश.

तिने हातातली सगळी कामं टाकली. दोन बटाटे निवडले, उकडले, वाफ जिरेपर्यंत त्यांच्यापाशी उभी राहिली. वाटी झाकली, एप्रन बदलला.

"मी वर जाऊन येते."

"आपल्याला वर जायचा नियम नाही," मुख्य स्वयंपाकी म्हणाला.

"आजच्या दिवस नियम तुम्ही सांभाळा."

दादा, माझं चुकलं. एवढंच म्हणायचं होतं. जिना चढताना ती तेच घोकत होती.

चौदा नंबरवर चष्मा लावलेला एक अनोळखी म्हातारा उशीला टेकून बसला होता. बाईने खाटेचा नंबर पुन्हा वाचला.

"मावशी, तुम्ही स्वयंपाकघरातल्या ना?" नर्सने विचारलं. "द्या ती वाटी. हे आत्ताच आलेत."

"आधीचे कुठे आहेत?"

"ते पहाटे गेले. मुलाने सात वाजता नेलं, मागच्या दाराने."

मागचं दार म्हणजे स्वयंपाकघराशेजारचं दार. तिथून स्ट्रेचर निघालं की वर बघायचं नाही, ही स्वयंपाकघरातली जुनी रीत. सात वाजता स्ट्रेचर अडलं होतं, तेव्हा खालमानेने वाटेतलं बटाट्याचं पोतं तिनेच बाजूला ओढलं होतं. "सावकाश, उंबरा आहे," असंही म्हणाली होती. आणि पुन्हा बटाटे सोलायला बसली होती.

म्हाताऱ्याने चमचा तोंडात घातला आणि समाधानाने मान हलवली.  इतकी वर्षं गळ्याशी अडकलेलं बाईचं वाक्य आता आपसूक बाहेर आलं.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "फार चुकलं हो माझं."

नर्सला वाटलं, बाई नियम मोडून वर आल्याबद्दल म्हणतेय.

"असू दे, मावशी," ती म्हणाली. "फक्त पुन्हा येऊ नका."